वॉरंटी संपलेल्या गाडीचा एसी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वॉरंटी संपलेल्या गाडीच्या एसीवर होणारा मोठा खर्च बहुतेक वेळा एका वाक्यापासून सुरू होतो: ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि इंजिन ऑइलसारखा ठरावीक किलोमीटरला बदलावाही लागत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. समोरच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्वमधून फवाऱ्यासारखा कूलिंग कॉइलमध्ये उतरतो आणि तिथे उकळताना केबिनच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो; सगळा गारवा या एका गुणातून येतो. छोट्या हॅचबॅकमध्ये तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम इतकाच असतो. नेमके वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते.

रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील यांतून वर्षाला थोडासा गॅस झिरपतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या गाडीत तो जरा कमी झालेला असू शकतो. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मे महिन्यात गायब होत असेल, तर तो संपलेला नसतो, गळालेला असतो. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हा समज म्हणूनच सगळ्यांत महागात पडतो. दर उन्हाळ्याला पैसे जातात आणि गळती तशीच राहते. त्यातच गॅसबरोबर फिरणारे तेलही थोडे थोडे बाहेर पडते. हे तेल कॉम्प्रेसरचे वंगण असते. चार वेळा नुसता गॅस भरून चालवलेला कॉम्प्रेसर पाचव्या वर्षी जाम होतो, तेव्हा दोष वॉरंटी संपण्याला दिला जातो.

गॅस किती आहे हे गेज सांगतो, अशी समजूत काही मेकॅनिकांमध्येही आहे. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरकडे पाहिले तर तिच्यातली चूक कळते. सिलिंडर भरलेला असो वा अर्धा, शेगडीची ज्योत सारखीच असते. किती उरले हे पाहायला तो वजनावर ठेवावा लागतो. एसीचेही तसेच. इंजिन बंद आहे आणि नळ्यांमध्ये थोडाफार द्रव शिल्लक आहे, तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. चाळीस अंशांच्या दुपारी आर-१३४एचा दाब सुमारे १३० पीएसआय दिसणारच, मग आत पाचशे ग्रॅम असो की तीनशे. चालू एसीवरचे दोन गेज यंत्रणेच्या तब्येतीबद्दल पुष्कळ सांगतात, वजन मात्र सांगत नाहीत. बरोबर पद्धत एकच आहे: उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, गळती शोधून बंद करायची, अर्धा तास व्हॅक्यूम लावून तो टिकतो का ते पाहायचे आणि मग काट्यावर मोजून स्टिकरइतकाच गॅस भरायचा. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेला ओलावा व्हॉल्वच्या बारीक छिद्रात गोठतो आणि तेलाशी मिळून धातू कुरतडणारे आम्ल तयार करतो. ‘थोडा जास्त भरा म्हणजे जास्त गार होईल’ हेही उलटे आहे. जादा गॅसने दाब वाढतो, गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

कमी गारव्याचे कारण अनेकदा गॅसपाशी नसतेच. जालना-अंबड रस्ता जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो, त्या वडीगोद्री परिसरातल्या गाड्यांचे हाल समजून घेण्यासारखे आहेत. गळीत हंगामात अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जातात, रस्त्याकडेला पाचट पडते, बांधाबांधाने कापसाची धूळ आणि काळ्या मातीचा फुफाटा उडतो. हे सगळे समोरच्या जाळीतून आत शिरते आणि कंडेन्सरच्या कागदासारख्या पातळ पात्यांत अडकते. हंगाम आटोपून पारा चाळिशीकडे सरकतो, नेमका त्याच वेळी कंडेन्सर अर्धा बुजलेला असतो. जाळीतून टॉर्च मारून पाहिले तर दिसतो तो करडा थर, त्यात रुतलेले किडे आणि पाचटाचे तुकडे. इंजिन गार असताना साध्या नळीच्या पाण्याने, हलक्या दाबाने तो धुतला तर कित्येकदा एसी पूर्ववत होतो. वॉशिंग सेंटरची जोरदार धार मात्र पाती वाकवते, आणि वाकलेली पाती बुजलेल्या पात्यांइतकीच वाईट.

एसी कधी आणि कुठे गार होत नाही, हे लक्षात ठेवणे हे निम्मे निदान आहे. महामार्गावर सुटलेल्या गाडीत छान गारवा आणि फाट्यावर थांबताच गरम हवा, असे असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर, त्याच्या रिलेवर किंवा फ्यूजवर घ्यावा. गाडी धावताना वारा पंख्याचे काम करत असतो. सुरुवातीला गार आणि तासाभराने झोताचाच जोर कमी, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे, तिथे तापमान मोजणारा थर्मिस्टर तपासायला हवा. झोत पहिल्यापासूनच मंद असेल तर केबिन फिल्टर काढून उजेडात धरावा. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि काहीशे रुपयांत बदलता येतो. गाडीखाली पाणी ठिबकणे ही गळती नव्हे. कॉइलवर हवेतली वाफ थिजून पाणी होते आणि नळीने खाली जाते. मराठवाड्याच्या कोरड्या मे महिन्यात ते जेमतेम ठिबकते, मृगाचा पाऊस लागला की थारोळे साचते. दोन्ही ठीक आहे. पाणी पायाखालच्या मॅटवर आले तर नळी तुंबलेली आहे.

‘कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल’ हे वाक्य ऐकून माणूस हबकतो, आणि हबकण्यासारखे ते आहेही. कॉइल डॅशबोर्डच्या आत बसलेली असते. ती काढायला स्टिअरिंग, एअरबॅगची जोडणी आणि वायरिंग सोडवावे लागते, त्यामुळे मजुरीच मोठी होते. म्हणून डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी पुरावा मागणे हा वाहनमालकाचा हक्क आहे. आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्याने गळणारा गॅस खाली साचतो. ब्लोअर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी गॅस शोधणारा डिटेक्टर धरला की तो वाजतो. गॅसबरोबर चमकणारा रंग सोडला असेल तर निळसर अतिनील दिव्याखाली त्याच नळीच्या तोंडाशी पिवळट-हिरवे थेंब दिसतात. कंडेन्सर, नळ्या आणि सांधे साबणाच्या फेसाने तपासता येतात. कित्येकदा गळती निघते ती रबरी ओ-रिंगमध्ये किंवा गॅस भरायच्या तोंडावरच्या छोट्या व्हॉल्वमध्ये, आणि तो खर्च नगण्य असतो. कॉइल खरोखरच गेली असेल तर तिच्यासोबत एक्स्पान्शन व्हॉल्वही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. डॅशबोर्ड दोनदा उघडणे परवडत नाही.

कॉम्प्रेसरबाबत घाई सर्वाधिक होते. तो फिरत नाही म्हणजे गेला, असे नसते. पट्ट्याने फिरणारी पुली आणि आतला पंप यांना जोडणारा विद्युतचुंबकीय क्लच असतो. त्याची कॉइल जळते, बेअरिंग आवाज करते किंवा मधली फट वाढते. हे भाग अनेक मॉडेलमध्ये सुटे मिळतात. शिवाय गॅस फार कमी झाला तर प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही. हे कॉम्प्रेसरचे संरक्षण असते, बिघाड नव्हे. उलट कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर नुसता तो बदलणे पुरत नाही. धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरलेला असतो. यंत्रणा धुऊन ड्रायर आणि व्हॉल्व बदलले नाहीत तर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने जातो. काढलेल्या कॉम्प्रेसरच्या तोंडात बोट फिरवले आणि बोटावर चंदेरी भुकटीमिश्रित काळे तेल आले, तर हा खर्च टाळू नये.

हिवाळाभर एसी बंद ठेवून तो वाचवता येतो, हाही समज चुकीचा आहे. तेल गॅससोबतच फिरते. यंत्रणा महिनोन्‌महिने थांबली की सील कोरडे पडतात आणि तिथूनच गळती सुरू होते. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा.

स्वस्त गॅसचा मोह आवरणे मात्र जिवाशी संबंधित आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीची ज्वलनशील मिश्रणे ‘तेच काम करतात’ म्हणून भरली जातात. गार ती करतात, पण गळती केबिनमध्ये झाली तर एक ठिणगी पुरते. २०११ मध्ये जहाजांच्या शीत कंटेनरांत आर-१३४एच्या नावाने भेसळीचा गॅस भरला गेला. त्यातल्या मिथिल क्लोराईडची कॉम्प्रेसरच्या ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगारांचे जीव गेले. गळती आपोआप बुजवणारी रसायनेही टाळावीत. ती व्हॉल्व आणि गॅस काढायचे मशीन दोन्ही तुंबवतात. जुना गॅस हवेत सोडून देणे ही वाईट सवय आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवतो. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद झाला. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती स्वीकारली असून अशा वायूंच्या वापरात इथली टप्प्याटप्प्याची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. म्हणजे जुन्या गाड्यांना गॅस लगेच मिळेनासा होईल, ही भीती निराधार आहे.

वॉरंटी संपल्यावरही काम शोरूममध्येच करायला हवे, असा कोणताही नियम नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हे त्यामागचे कारण होते. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि वाद वर्षानुवर्षे चालला, पण बाहेरच्या मेकॅनिकला भाग मिळाले पाहिजेत हे तत्त्व त्या आदेशाने ठळकपणे मांडले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हे एक क्षेत्र आहे. याचा अर्थ बाहेरचे गॅरेज नेहमीच चांगले असा नव्हे. ज्याच्याकडे गॅस काढणारे मशीन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे तो चांगला, मग पाटी कोणाचीही असो.

बिल नको म्हणजे कर वाचेल, या हिशेबात तोटा ग्राहकाचाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकाची आता फेरतपासणी करावी. बंद पाकिटातल्या भागावर छापील किंमत असते, ती बिलाशी पडताळून पाहावी. बिलावर भागाचा क्रमांक, भरलेल्या गॅसचे वजन आणि कामाची हमी किती महिन्यांची हे लिहून घ्यावे, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. बसवलेल्या नव्या भागाची हमी गाडीच्या वॉरंटीपेक्षा स्वतंत्र असते.

विम्यातून एसी दुरुस्त होतो का? झिजेमुळे किंवा आपोआप झालेला बिघाड सर्वसमावेशक पॉलिसीतही बसत नाही. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने कंडेन्सर फोडला तर तो अपघात ठरतो आणि दावा करता येतो. मात्र १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट, भागाच्या वयानुसार घसारा आणि हातची नो-क्लेम सवलत हे मांडून पाहावे. वाढीव वॉरंटी साधारणपणे मूळ मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते आणि तिच्यात गॅस, फिल्टर, पट्टे सहसा धरलेले नसतात.

सगळ्यांत खोलवर रुजलेला समज असा, की वॉरंटी संपली की तक्रारीचा हक्कही संपतो. पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीत हयगय झाली, तर ती सेवेतली त्रुटी असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ला तिथे गाडीच्या वयाशी देणेघेणे नाही. बिल न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. मूळ भागातच उत्पादनदोष होता, असा दावा मात्र कठीण असतो; तो तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो. तिथे उपयोगी पडते ते वॉरंटीच्या काळातले जॉब कार्ड. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ‘एसी जरा कमी वाटतो’ एवढीच तक्रार तोंडी न सांगता कार्डावर नोंदवून घेतली असेल, तर दोष आधीपासूनच होता हे म्हणायला आधार मिळतो. त्याच नोंदीवर कंपनीकडे भागाच्या किमतीत सवलत मागता येते, आणि काही वेळा ती मिळतेही.

पहिली पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे मिटले नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे अशी अट नाही. दुरुस्ती छत्रपती संभाजीनगरात झालेली असो की पुण्यात, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाण्याची मुभा कायदा देतो. म्हणजे वडीगोद्रीच्या वाहनमालकाला जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. सोबत जोडायची कागदपत्रे चार: बिल, जॉब कार्ड, लेखी अंदाजपत्रक आणि दुसऱ्या मेकॅनिकचा तपासणी अहवाल. काढलेला भाग पिशवीत बांधून, त्यावर तारीख घालून, निकाल लागेपर्यंत घरी जपून ठेवावा.