एक मालक, अनेक चालक: भाड्याने फिरलेली मोटार घेताना

मिल्टन कीन्स हे शहर मोटारीला गृहीत धरूनच वसवले गेले. १९६७ मध्ये नियोजित नवनगर म्हणून जाहीर झालेल्या या शहराचे रस्ते चौकटीसारखे आखलेले आहेत. उभे ‘व्ही’चे, आडवे ‘एच’चे, आणि ते जिथे मिळतात तिथे बहुधा राउंडअबाउट. त्यामुळे नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबाला लवकरच मोटारीचा विचार करावा लागतो. नवी घ्यावी, तर पहिल्या वर्षाचा घसारा सर्वांत जड. जुनी घ्यावी, तर ती कोणी आणि कशी वापरली, ही शंका. या दोहोंच्या मधला पर्याय म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीने काही महिने वापरून विकायला काढलेली मोटार.

आमच्या घरी हा पर्याय नकळत आला. काही वर्षांपूर्वी एका डीलरकडून ‘एकच मालक’ असे सांगितलेली, वर्षभर जुनी हॅचबॅक आम्ही घेतली. घरी आल्यावर फोन जोडायला गेलो, तर गाडीच्या पडद्यावर आधी जोडलेल्या फोनची लांबलचक यादी दिसली. त्यातले एकही नाव दुसऱ्याशी जुळत नव्हते. गाडीत खोट नव्हती. ती आजही उत्तम चालते. खोट होती ती व्यवहारात. भाड्याने फिरलेल्या गाडीला आम्ही घरगुती गाडीचे पैसे मोजले होते.

गोव्यात स्वतः चालवायला मिळणारी भाड्याची गाडी काळ्या पाटीवरील पिवळ्या अक्षरांवरून लांबूनच ओळखू येते. ब्रिटनमध्ये अशी वेगळी पाटी नाही. व्ही-५-सी या नोंदणी पुस्तिकेत, म्हणजे लॉगबुकात, आधीचे धारक किती एवढा आकडा असतो. भाड्याची कंपनी हा त्या हिशेबात एकच धारक. मग तिच्या ताब्यात असताना गाडी दोघांनी चालवलेली असो वा दीडशे जणांनी. म्हणून ‘एकच मालक’ हे विधान खरे असूनही दिशाभूल करणारे ठरू शकते.

दुसरी अडचण एमओटी तपासणीची. गाडीचा एमओटी इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचे मैल त्यात नोंदलेले असतात. परंतु इंग्लंडमध्ये पहिली एमओटी तीन वर्षांनी होते. भाड्याच्या ताफ्यातून निघालेल्या बहुतेक गाड्या त्याआधीच विक्रीला येतात, त्यामुळे हे पान कोरेच असते. अशा वेळी सर्व्हिसिंगची नोंद हाच मुख्य पुरावा.

असे असले तरी भाड्याचा भूतकाळ हा दोष मानू नये. मोठ्या कंपन्या देखभाल सहसा वेळच्या वेळी करतात, कारण बंद पडलेली गाडी त्यांना कमाई देत नाही. उलट बाजूही आहे. अनोळखी चालक थंड इंजिनाला सवलत देत नाही, चाके कडेच्या दगडाला घासतो, क्लचची पर्वा करत नाही. म्हणूनच अशी गाडी तशाच वयाच्या घरगुती गाडीपेक्षा स्वस्त हवी. ती तेवढ्याच किमतीला मिळत असेल, तर तिच्या घसाऱ्याचा लाभ विक्रेत्याकडे जातो, आपल्याकडे नाही.

मग काय करावे? पहिली गोष्ट, पैसे देण्यापूर्वी ईमेलने सरळ प्रश्न विचारावा: ही गाडी कधी भाड्याने किंवा अनेकांच्या वापरात होती का? ग्राहकाच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती व्यापाऱ्याने दडवणे २०२४ च्या कायद्यानुसार अनुचित व्यवहारात मोडते. त्याची संबंधित कलमे एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. लेखी उत्तर हाती असले की पुढचा वाद सोपा होतो. दुसरी गोष्ट, लॉगबुक प्रत्यक्ष पाहावे. डीलरच्या हाती असलेल्या प्रतीवर पुष्कळदा आधीच्या धारकाचेच नाव असते. ते कंपनीचे असेल, तर गाडी भाड्याची होती की एकाच कर्मचाऱ्याला दिलेली, हे विचारावे. तिसरी, उत्पादकाची वॉरंटी किती उरली आहे आणि भाड्याच्या वापरामुळे तिच्या अटी बदलतात का, हे उत्पादकाकडूनच जाणून घ्यावे. दोन्ही किल्ल्या मागाव्यात, आणि पडद्यावरची जुनी माहिती पुसून घ्यावी.

चाचणीसाठी हे शहर सोयीचे आहे. चार-पाच राउंडअबाउट ओळीने घेतले की स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेकची कल्पना येते. मग जंक्शन १४ वरून एम-१ वर जावे. वेगात चाके थरथरत असतील, तर तिथे कळते.

कायद्याचे संरक्षण डीलरकडून घेतल्यासच पुरेसे मिळते. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार गाडी सदोष निघाल्यास ३० दिवसांच्या आत ती परत करून पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी विक्रेत्याला मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत उघड झालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते. प्रत्यक्ष हजर राहता येणाऱ्या लिलावात जुनी गाडी घेतल्यास हे हक्क सहसा मिळत नाहीत. किमतीचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरते.

विद्युत मोटारीबाबत अधिक सावध राहावे. हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील सुमारे २०,००० विद्युत गाड्या विकायला काढल्या. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा वाढता खर्च हे त्यामागचे एक कारण होते. ग्राहकाला अशा गाड्या स्वस्त मिळू शकतात. पण बॅटरीच्या स्थितीचा अहवाल आणि विम्याचा दर आधी पाहावा.

नवी गाडी दारात आली की नारळ वाढवण्याची आपली रीत आहे. वर्षभर जुन्या गाडीपुढेही तो वाढवता येतो. लॉगबुक मात्र त्याआधी पाहिलेले असावे.