वृत्तपत्राची फळी आणि गांवचा रस्ता

रस्ता कोणाचा? प्रश्न वरकरणीं अगदीं सोपा आहे, व त्याचें उत्तरही सर्वांस पाठ आहे: रस्ता सर्वांचा. परंतु जी वस्तु सर्वांची म्हणून सांगितली जाते तिजवर प्रत्यक्षांत सत्ता कोणाची चालते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें रस्त्याच्या कडेस पोत्याचा तुकडा अंथरून, वर दगड ठेवून, वर्तमानपत्रें मांडणाऱ्या विक्रेत्याकडे पाहावें. त्यास 'येथें बैस' असें कोणीं सांगितलें? आणि उद्यां 'येथून ऊठ' असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे? ह्या दोन प्रश्नांचें लेखी उत्तर ज्या गांवीं नाहीं, त्या गांवचें वृत्तपत्रस्वातंत्र्य अधिकाऱ्यांच्या मर्जीवर उभें आहे, असें म्हणण्यास आम्हांस मुळींच दिक्कत वाटत नाहीं.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील करडी हें गांव उदाहरणादाखल घेऊं. उदाहरणादाखल म्हणतों, कारण तेथील कोणा व्यक्तीकडे आमचें बोट नाहीं. तें नियमाच्या अभावाकडे आहे, व तो अभाव महाराष्ट्रांतील हजारों गांवांस सारखाच लागू आहे. अशा गांवीं फूटपाथ म्हणून निराळी वाट नसते. रस्त्याची कड, गाडीचा थांबा, आठवडी बाजाराची मोकळी जागा, एवढेंच काय तें सार्वजनिक अंगण. नागपुरास छापलेले अंक मोटारीनें येतात, व गठ्ठा सुटतो तो ह्याच अंगणांत. ही दोन हात जागा गेली, म्हणजे वृत्तपत्र गेलें.

अमेरिकेंतील शहरांत ह्या कामीं माणसाऐवजीं लोखंडी पेटी उभी केलेली असे. फूटपाथावर ती ठेवावयाची, वाचकानें नाणें टाकावयाचें, दार उघडून एक अंक उचलावयाचा. ह्या पेट्यांवरून तेथील नगरपालिका व पत्रें यांमध्यें जे तंटे झाले, त्यांतील एक आमच्या वाचकांनीं अवश्य समजून घेण्याजोगा आहे. ओहायो प्रांतांतील लेकवुड शहरानें १९८३ सालीं असा नियम केला कीं, सार्वजनिक जागीं पेटी ठेवावयाची तर नगराध्यक्षाचा वार्षिक परवाना पाहिजे. तो द्यावा कीं न द्यावा, हें नगराध्यक्षानें ठरवावें. क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' पत्रानें ह्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो बेबंद अधिकार रद्द ठरविला. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत हें: ज्याच्या कारभारावर पत्र टीका करणार, त्याच्याच हातीं कोणत्याही कसोटीवांचून पत्राची जागा देण्याघेण्याची किल्ली असली, तर परवाना प्रत्यक्ष नाकारावाच लागतो असें नाहीं, नाकारला जाईल ह्या धास्तीनेंच संपादकाची लेखणी बोथट होते. पुढें १९९३ सालीं सिनसिनाटी शहराच्या प्रकरणींही असाच धडा मिळाला. त्या शहरीं दीड ते दोन हजार पेट्या होत्या. नगरपालिकेनें सौंदर्य व सुरक्षितता यांचें नांव सांगून जाहिरातपत्रकांच्या मात्र ६२ पेट्या उचलण्याचा हुकूम काढला. न्यायालयानें विचारलें कीं, बाकीच्या हजारों पेट्या उभ्या ठेवून बासष्ट काढल्यानें शहर कितीसें सुंदर होणार? आणि हुकूम टिकला नाहीं.

आपल्याकडे लोखंडी पेटी रुजली नाहीं. आपली पेटी जिवंत आहे. ती पहाटे उठते, गठ्ठे सोडते, पुरवण्या घालते, उधारी सांभाळते. परंतु तत्त्व तेंच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालींच, मुंबईच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारनें घातलेल्या बंदीच्या प्रकरणीं, प्रसाराच्या स्वातंत्र्यावांचून प्रसिद्धीस अर्थ नाहीं असें सांगितलें. पुढें १९६१ सालीं पुण्याच्या 'सकाळ' पत्रानें पृष्ठें व किंमत यांवरील सरकारी बंधनाविरुद्ध लढा दिला, तेव्हां तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट झाली. पत्र किती लोकांच्या हातीं पोंचावें ह्याला कात्री लावणें म्हणजे विचारस्वातंत्र्यालाच कात्री लावणें होय. एका मराठी पत्रानें सर्व हिंदुस्थानाकरितां मिळविलेला हा निर्णय मराठी मुलखांतील गांवांस अपरिचित राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

आतां कायद्याकडे वळूं. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या संरक्षणार्थ संसदेनें २०१४ सालीं पथविक्रेता अधिनियम केला. त्यांत रस्ता, गल्ली, फूटपाथ अशा ठिकाणीं नित्योपयोगी वस्तु विकणाऱ्यास पथविक्रेता म्हटलें आहे. रोजचें वर्तमानपत्र नित्योपयोगी नाहीं असें म्हणण्यास कोणी धजेल असें आम्हांस वाटत नाहीं. ह्या कायद्यान्वयें दर पांच वर्षांनीं विक्रेत्यांची मोजणी व्हावयाची. मोजणी पुरी होऊन प्रमाणपत्रें मिळेपर्यंत कोणास उठवावयाचें नाहीं. पुढें उठवावयाचें तर तीस दिवसांची नोटीस द्यावयाची. आणि जागा ठरविणाऱ्या नगर समितीवर किमान शेंकडा चाळीस सभासद खुद्द विक्रेत्यांनीं निवडलेले असावयाचे, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. तक्रार ऐकणाऱ्या समितीचा अध्यक्ष न्यायाधीशाच्या पदावर काम केलेला पाहिजे. अंमलबजावणी कोठें कशी आहे हा प्रश्न निराळा. पण कागदावर तरी ही व्यवस्था उत्तम आहे.

परंतु ही व्यवस्था महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत व छावणी यांच्या हद्दीशीं येऊन थांबते. ग्रामपंचायतीचें नांव तींत नाहीं. म्हणजे भंडारा व तुमसर येथील विक्रेत्यास नगरपालिकेच्या आश्रयानें, व मोहाडीच्या विक्रेत्यास नगरपंचायतीच्या आश्रयानें, ह्या कायद्याचा आधार सांगतां येतो. करडीच्या विक्रेत्यास येत नाहीं. तालुका एक, पत्र एक, छापखाना एक, पहांटेची थंडीही एकच. हक्क मात्र हद्दीच्या दगडापाशीं संपतो! गांवास लागू तो १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या कलम ५३ अन्वयें सार्वजनिक रस्त्यांवरील व मोकळ्या जागांवरील अडथळे आणि अतिक्रमणें दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे, आणि तो असलाच पाहिजे. अतिक्रमणाविषयीं हा कायदा इतका कडक आहे कीं, सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा पंचायतीचा सभासद अपात्र ठरतो. तथापि हटविण्याचा अधिकार लेखी, आणि बसविण्याचा नियम मात्र तोंडी, अशी स्थिति असली म्हणजे गरीब विक्रेत्याच्या वांट्यास केवळ झाडूच येतो. ज्या दिवशीं नळयोजनेच्या हिशेबाविषयीं चार ओळी छापून येतील, त्याच दिवशीं फळी 'रहदारीस अडथळा' ठरली, तर हें रहदारीचें प्रेम कीं ओळींचा राग, हें कोणीं व कसें ठरवावें?

आमचे व्यापारी वाचक म्हणतील कीं, हा तंटा संपादक व विक्रेते यांचा. त्यांत आमचें काय गेलें? आम्ही त्यांस एवढेंच विचारतों, निविदा, लिलाव, वारसहक्काच्या व खरेदीखताच्या जाहीर नोटिसा तुम्ही कोठें वाचतां? २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें प्राथमिक अधिसूचना त्या भागांत खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते, व त्यांतील एक प्रादेशिक भाषेंतील पाहिजे. गोसीखुर्दच्या धरणानें वैनगंगेकांठच्या ज्या जिल्ह्याची जमीन पाण्याखालीं गेली, त्या जिल्ह्यास नोटिसीची किंमत आम्हीं सांगावी असें नाहीं. पत्रांत छापून आलें म्हणजे लोकांस कळलें, असें सरकार गृहीत धरतें. तर मग तें पत्र गांवांत विकावयास चार फूट जागा राखून ठेवणें हें त्याच सरकारचें व त्याच्या पंचायतीचें कर्तव्य नव्हे काय? कळविल्याचा पुरावा ठेवावयाचा व कळण्याची वाट मात्र अडवावयाची, हा न्याय नव्हे.

आणखी एक बारीक पण जिव्हारीं लागणारी गोष्ट. २०१४ च्या कायद्यानें जप्त मालाची यादी देण्यास सांगितलें आहे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशींच, व इतर माल दोन कामाच्या दिवसांत, शुल्क घेऊन परत करावा असें म्हटलें आहे. आतां वर्तमानपत्र कोणत्या वर्गांत घालावयाचें? कागद नासत नाहीं खरा. पण त्यावरील बातमी मेथीच्या जुडीपेक्षां लवकर सुकते. दोन दिवसांनीं परत मिळालेला गठ्ठा अंक म्हणून विकला जात नाहीं, रद्दी म्हणून किलोनें विकला जातो. शहरासाठीं नियम करणाऱ्यांनीं व गांवासाठीं ठराव करणाऱ्यांनीं दैनिक पत्र हा नाशवंत माल आहे, असें एका ओळींत लिहून ठेवावें.

जागेचें महत्त्व २०२० सालीं साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. करोनाच्या सांथींत १८ एप्रिल रोजीं राज्य सरकारनें घरोघर पत्र टाकण्यास बंदी केली; तीन दिवसांनीं मुंबई व पुणें यांचा परिसर आणि प्रतिबंधित क्षेत्रें वगळून ती उठविली; पुढें ७ जूनपासून घरपोंच वांटपास मोकळीक मिळाली. त्या मधल्या काळांत दारीं येणारा अंक थांबला, तेव्हां वाचकास आधार होता तो दुकानाचा व फळीचा. संकटाच्या वेळीं सत्य व अफवा यांमध्यें उभी राहणारी ही फळी सुकाळांत मात्र 'अडथळा' म्हणून मोजली जावी, हें विपरीत होय.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, वाट चालणाऱ्याची आहे. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही निर्वेध फूटपाथाचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें आहे. आंधळ्याची काठी, म्हातारीचा पाय, शाळेच्या पोरांची रांग, ह्यांचा मान आधीं व वृत्तपत्राचा नंतर. परंतु चालणाऱ्याचें नांव पुढें करून केवळ फळीच हटवावयाची, आणि तिच्या शेजारीं दुकानाच्या पायऱ्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक व उभ्या मोटारी तशाच राहूं द्यावयाच्या, ह्यास नियम म्हणत नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, आतां सर्व बातम्या मोबाइलवर येतात, मग फळी हवी कशास? येतात खऱ्या; पण कोणीं लिहिलें, कोठें छापलें, चूक निघाल्यास पकडावयाचें कोणास, ह्याचा ठावठिकाणा अंकावर छापावा लागतो; पुढें पाठविलेल्या निरोपावर तो नसतो. शिवाय ज्याच्या हातीं मोबाइल नाहीं तोही गांवचा नागरिकच आहे.

मग करावें काय? आमच्या मतें करडीसारख्या गांवीं ग्रामसभेनें पुढीलप्रमाणें ठराव करावा. गाडीच्या थांब्याजवळ, वळण व शाळेचें दार सोडून, पत्रविक्रीची जागा फुटांत मोजून चुन्यानें आंखावी. ती देतांना पत्राचें नांव, पक्ष, जात अथवा मजकूर पाहूं नये. मागणारे अधिक झाल्यास सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्या. शुल्क ठरीव व माफक असावें, आणि पावती मिळावी. जागा काढून घ्यावयाची तर कारण लेखी सांगावें, शहरांतल्याप्रमाणें तीस दिवसांची मुदत द्यावी, व दुसरी जागा दाखवावी. सरपंचाच्या हुकुमावर गाऱ्हाणें ऐकणारा सरपंच नसावा. तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्याकडे तें जावें. उलटपक्षीं विक्रेत्यानें रेघेबाहेर इंचभरही सरकूं नये, दोऱ्या व कागदाचे कपटे संध्याकाळीं उचलावे, आणि फळीवर कोणा पुढाऱ्याची तसबीर टांगूं नये. पुण्यामुंबईच्या फूटपाथांवर फुकट वाचनाचीं जीं लांकडी चौकटींचीं ठिकाणें मंडळांनीं व पक्षांच्या शाखांनीं उभारलीं, त्यांनीं पुष्कळ गरिबांस वाचनाची गोडी लाविली ह्यांत शंका नाहीं. पण त्यांतील कित्येकांवर पत्रांहून पाटीच मोठी असते, हा दोष गांवानें उचलूं नये.

ह्या ठरावास सरकारचा पैसा लागत नाहीं, इमारत लागत नाहीं, मंत्र्याचा हस्तही लागत नाहीं. लागतो तो थोडा चुना, एक कागद, व ग्रामसभेस हजर राहण्याची तसदी. कायद्याप्रमाणें वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात. त्यांत व्यापारी गल्ल्यावर बसून राहतात, शिकलेले लोक 'आपण कशास वाईट व्हा' म्हणून घरीं बसतात, आणि मग दुसऱ्यांनीं केलेल्या कारभारास वर्षभर नांवें ठेवितात. शेजाऱ्याचा अंक फुकट वाचणाऱ्यास पत्राच्या परतंत्रतेविषयीं हळहळण्याचा अधिकार थोडा. आणि सभेस न जाणाऱ्यास तर तो त्याहूनही थोडा.

स्वातंत्र्य हें न्यायालयाच्या निकालपत्रांत जन्मास येत असेल, परंतु तें नांदतें तें रस्त्याच्या कडेस, चार फुटांच्या जागेंत. ती जागा मर्जीनें मिळाली तर मर्जीनेंच जाईल. नियमानें मिळाली तर नियमानें टिकेल. पुढील ग्रामसभेंत हा विषय मांडणारा एक तरी गृहस्थ करडींत निघावा, आणि चुन्याची ती रेघ प्रथम त्या गांवीं उमटावी, एवढीच आमची सूचना आहे.