यॉटवर बंदूक असावी काय?

बडोद्याला समुद्र नाही. पण आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सागरी विमा शिकावा लागतो, आणि त्यात चाचेगिरीची जोखीम येतेच. त्यावरून मला प्रश्न पडला : यॉटने, म्हणजे हौसेच्या खासगी नौकेने, स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगावी काय?

फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानकडे जाणारी ‘क्वेस्ट’ ही अमेरिकन यॉट सोमाली चाच्यांनी पकडली. अमेरिकन युद्धनौका पाठोपाठ असतानाही यॉटवरील चौघे मारले गेले. हे वाचले की ‘बंदूक हवीच’ असे वाटते.

आता दुसरी बाजू. जहाजांना चाच्यांपासून संरक्षण देणाऱ्या रक्षकांची ‘सीमन गार्ड ओहायो’ ही खासगी नौका ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ शस्त्रांसह अडवली गेली. २०१६ मध्ये तिच्यावरील ३५ जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर चार वर्षे गेली होती!

मोठ्या जहाजाला सशस्त्र रक्षक परवडतात. खर्च मालाच्या भाड्यात वाटला जातो, आणि उंच डेकवरून चाच्यांची होडी दुरूनच दिसते. यॉटचा काठ पाण्यालगत, माणसे दोनचार. शिवाय शस्त्रांचा कायदा देशोदेशी निराळा.

माझ्या हिशेबी यॉटवरची बंदूक ही अशी पॉलिसी आहे, की जिचा हप्ता दर बंदरात भरावा लागतो, पण दावा मंजूर होईलच असे नाही. २०११ नंतर कित्येक मालकांनी यॉट मालवाहू जहाजावर चढवून धोक्याचा टापू ओलांडला. मला तोच व्यवहार शहाणपणाचा वाटतो.