सोलापूरचे न्यायालय आणि १९३० चा उठाव

करकंब, पंढरपूरसह सोलापूर जिल्ह्यातील प्रजेच्या दृष्टीने जिल्हा न्यायालय हे ब्रिटिश सत्तेचे दृश्य प्रतीक होते. महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यानंतर सोलापुरात उठाव झाला. जमावाचा रोष पोलीस चौक्यांप्रमाणेच न्यायालयावरही ओढवला. शासनाने मार्शल लॉ पुकारला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. मार्शल लॉ उठला, तरी हा देहदंड न्यायनिर्णयाच्या नावानेच अमलात आला. म्हणूनच न्यायालयीन वास्तूंचा अभ्यास केवळ स्थापत्यापुरता न राहता, प्रजेला त्यांच्याविषयी काय वाटत होते, याचाही शोध घेणे अगत्याचे ठरते.