जास्त वळणारे सांधे
(लेखमाला ‘सांधे आणि आपण’ : भाग ४)

मागच्या भागात आखडणारे सांधे पाहिले. आज त्याच्या उलट तक्रार. शाळेत करंगळी पार मागे वळवून मैत्रिणींना दाखवणारी मुलगी घरी आल्यावर गुडघे धरून बसते. सगळे म्हणतात, वाढीचं दुखणं आहे. पुढे ती सौंसरच्या बागेत संत्र्याच्या तोडीला किंवा पांढुर्ण्याच्या शेतात कापूस वेचायला जाते, तेव्हा अंगठा आणि मनगट ठणकू लागतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तिच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. हा अन्याय थांबायला हवा, कारण निदानाला मशीन लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या पीटर बायटन यांच्या नावाने ओळखली जाणारी 9 गुणांची तपासणी 1973 पासून प्रचलित आहे. हात टेबलावर ठेवून करंगळी मागे उचलायची. ती 90 अंशांपलीकडे गेली तर 1 गुण. अंगठा वाकवून त्याच हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला टेकला तर 1. कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे 10 अंशांहून जास्त गेला तर प्रत्येकी 1. हे सगळं दोन्ही बाजूंना. शेवटी गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला पूर्ण टेकले तर आणखी 1. वयात न आलेल्या मुलांत 6, त्यानंतर पन्नाशीपर्यंत 5 आणि पन्नाशीनंतर 4 गुण भरले तर सांधे सैल मानतात. मुलींमध्ये हे जास्त दिसतं, वयाबरोबर कमी होतं.

पण गुण भरले म्हणजे आजार झाला, असं नाही. कित्येकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दुखणं, वारंवार लचक, सांधा निखळणं सोबत असेल तरच विकाराचा विचार करायचा, तोही संधिवातासारखी इतर कारणं वगळून. अशा विकारांत एहलर्स-डॅनलॉस हा आनुवंशिक गट मोडतो; त्याचे 13 प्रकार 2017 मध्ये ठरवले गेले. त्यांतल्या अतिलवचीक प्रकाराचं जनुक अजून सापडलेलं नाही. म्हणून डॉक्टरांना घरातल्या इतरांचे सांधे कसे आहेत, तेही नक्की सांगा.

उपचाराचा गाभा एकच : स्नायू बळकट करणं. सैल सांध्याला स्नायूच आवरून धरतात. त्यामुळे ताणाचे व्यायाम, कटकट आवाज काढणारी मालिश आणि बोटं वाकवून दाखवण्याची हौस आधी बंद. फिजिओथेरपिस्टकडून हळूहळू वाढवत नेणारे व्यायाम शिकावेत. उभं राहताना गुडघे मागे ढकलू नयेत. संत्र्यांचा क्रेट अर्धा भरून दोन खेपा कराव्यात, वेचणीत अधूनमधून हात बदलावा. पूर्ण विश्रांतीने मात्र स्नायू झिजतात आणि दुखणं वाढतं.

उभं राहताच छातीत धडधडत असेल, कातडी ताणल्यावर फार लांबत असेल, जखमा रुंद, पातळ व्रण ठेवत असतील किंवा घरात कुणी कमी वयात अचानक दगावलं असेल, तर पांढुर्ण्यातच दिवस न काढता नागपूरला मेडिकल कॉलेज किंवा एम्स गाठावं.