थिनर जातो कोठे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हवेविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु हा विषय मला जमाखर्चातूनच सुचला.

निर्मलची लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. २०१६ पर्यंत निर्मल आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे भाग कोरून ते चिंचोक्याची खळ व भुसा यांनी जोडतात. पूर्वी त्यांवर वनस्पती व खनिजांचे रंग देत. पुढे ड्युकोसारखे तयार रंग आले. आता खर्च मांडून पाहा. लाकूड, खळ, रंग ही खेळण्यात शिल्लक दिसतात. रंग पातळ करणारा थिनर मात्र कोठेच दिसत नाही. प्रत्येक नावेला जमा असते, मग हा कोठे जमा झाला? हवेत, आणि तेथून कारागिराच्या श्वासात!

थिनरमधील टोल्यूईनसारख्या द्रव्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. साध्या तापमानालाही त्यांची वाफ होते. डोळे चुरचुरणे, डोकेदुखी, चक्कर ही तिची पहिली लक्षणे. टोल्यूईन वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात श्वासात गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो. याच वर्गातील बेन्झीन पेट्रोलमध्ये व चुलीच्या धुरातही असते. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. बाहेरच्या हवेत ते वार्षिक सरासरीने दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे मानक भारताने २००९ मध्ये ठरविले.

उघड्यावर ही वाफ विरळ होते. मात्र तेथेही वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर, सूर्यप्रकाशात, तिच्यापासून अपायकारक ओझोन तयार होतो. घरात तर ती कोंडूनच राहते. अमेरिकेत १९८० च्या दशकातील सरकारी पाहणीत अशी डझनभर द्रव्ये बाहेरच्यापेक्षा घरात २ ते ५ पट आढळली. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत दारे लावून रंगकाम केल्यास काय होईल, हे सांगणे नलगे.

तोंडाला फडके बांधून भागत नाही. फडक्याने धूळ अडते, वाफ अडत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, डब्यांना झाकणे लावावीत, ओल्या रंगाच्या वस्तू झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत. यास थोडा खर्च येईल, पण तो उत्पादनखर्चातच धरला पाहिजे. आज तो कारागीर आपल्या प्रकृतीतून भरतो आणि आपण खेळणे स्वस्त मिळाले म्हणून आनंदतो.