करड्या रंगाची कसोटी

घरातल्या साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये चार शाया असतात: सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. करडी शाई त्यात नसतेच. तरीही त्याच प्रिंटरकडून आपण आजोबांच्या जुन्या फोटोची प्रत मागतो. त्या फोटोत फेटा, मिशा, कोटाची घडी, मागचा रंगवलेला पडदा असं सगळं करड्याच्या छटांनीच उभं राहिलेलं असतं. रंगीत फोटोत साडीचा लाल थोडा भडक उतरला तर फारसं कुणाला खटकत नाही. करड्यावर मात्र हिरव्याची किंचित झाक चढली की चेहरा आजारी दिसू लागतो. रंगहीन छटेतला सूक्ष्म फरक आपला डोळा फार चटकन पकडतो. म्हणूनच प्रिंटर किती चांगला आहे हे ठरवायचं असेल तर त्याच्याकडून फुलांचा ताटवा छापून घेऊ नये, कृष्णधवल चेहरा छापून घ्यावा.

अडचण मुळातच आहे. डार्करूममधल्या ब्रोमाइड पेपरवर चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होत. जिथे प्रकाश जास्त पडला तिथे चांदी जास्त, जिथे कमी तिथे कमी, आणि त्यामुळे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरण सलग मिळे. इंकजेटला ही सोय नाही. कागदावरच्या एका बिंदूवर तो शाईचा थेंब टाकतो किंवा टाकत नाही. अर्धा काळा असा थेंब नसतो. मग करडं दिसायला हवं तर काळे ठिपके आणि कोरा कागद यांचं प्रमाण राखायचं आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. वर्तमानपत्रातल्या कोणत्याही छायाचित्रावर भिंग धरून पाहा, हेच तत्त्व ठसठशीत दिसेल. तिथे ठिपके ओळीत असतात आणि लहानमोठे होतात. इंकजेटमध्ये ते विखुरलेले असतात.

पण विखुरायचे कसे? वाटेल तसे टाकले तर चित्रभर खरखर दिसते आणि शिस्तीत टाकले तर नको असलेली नक्षी उमटते. यावर रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये एक देखणी गणिती पद्धत प्रसिद्ध केली. समजा, एका बिंदूवर ३० टक्के काळेपणा हवा आहे. तिथे ठिपका दिला तर ७० टक्के जास्त होतात, नाही दिला तर ३० टक्के कमी पडतात. ही पद्धत जवळचा पर्याय निवडते, म्हणजे बिंदू कोरा ठेवते, आणि राहिलेले ३० टक्के उजवीकडच्या व खालच्या शेजाऱ्यांत ठरावीक प्रमाणात वाटून टाकते. वाण्याच्या वहीतली बाकी पुढच्या पानावर ओढावी तशी ही चूक पुढे पुढे सरकत जाते आणि कुठेतरी एक ठिपका पडून हिशेब जुळतो. आजच्या प्रिंटरांमधल्या पद्धती याहून पुढे गेल्या आहेत, पण चूक न लपवता शेजारी वाटून टाकायची ही कल्पना त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी आहे.

ठिपके जितके लहान, तितकी फसगत चांगली. चांगल्या फोटो प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब दीड ते चार पिकोलिटरचा असतो. दोन पिकोलिटरचे थेंब धरले, तर एका मिलिलिटर शाईतून ५० कोटी थेंब निघतील. असा थेंब हवेतून जाताना जेमतेम १६ मायक्रॉन व्यासाचा असतो. तो बाहेर फेकण्याचे दोन मार्ग आहेत. कॅनन आणि एचपीच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवतात, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब ढकलला जातो. एप्सनच्या यंत्रांत विजेचा दाब देताच आकार बदलणारा स्फटिकी पदार्थ शाईच्या कप्प्याला दाबतो. पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाबातून वीज निर्माण होण्याचा जो गुणधर्म दाखवून दिला, त्याचीच ही उलटी बाजू.

थेंब इतका बारीक असूनही फक्त काळी शाई वापरून फोटो छापला तर उजळ भाग दगा देतात. गालावरचा उजेड, पांढरं धोतर, ढग अशा जागी काळे ठिपके विरळ पडतात आणि पांढऱ्यावर उठून दिसतात. त्वचा खरखरीत वाटते. म्हणून प्रिंटर दुसरी वाट धरतो: सायन, मजेंटा आणि पिवळी एकत्र टाकून करडं तयार करतो. खरखर जाते, पण नवा रोग येतो, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच आहे.

तीन रंगांचं हे करडं म्हणजे एक तडजोड असते. त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा आलेख काढला तर तो सपाट येत नाही, त्यात उंचवटे आणि खळगे असतात. एखाद्या विशिष्ट उजेडात त्या उंचवट्याखळग्यांची बेरीज डोळ्याला बिनरंगी भासते, इतकंच. उजेड बदलला की बेरीज बिघडते. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तांबडा भाग भरपूर आणि निळा अगदी कमी. खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात निळा पुरेसा असतो. एलईडी दिव्यात निळ्याचा एक टोकदार उंचवटा आणि त्याला जोडून पिवळ्याचा रुंद फुगवटा असतो. त्यामुळे रात्री दिव्याखाली निर्दोष दिसलेला फोटो सकाळी खिडकीजवळ नेला की हिरवट दिसतो. २००० साली आलेला एप्सनचा स्टायलस फोटो २०००पी हा प्रिंटर टिकाऊ पिगमेंट शाईमुळे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईमुळे, नावाजला गेला, पण त्यावरचे कृष्णधवल प्रिंट दिवसाच्या उजेडात हिरवे पडतात म्हणून छायाचित्रकार हैराण झाले. यात छपाई चुकलेली नसते. शाईच तशी असते, आणि कॉम्प्युटरवर कितीही दुरुस्त्या केल्या तरी एका उजेडात बरा केलेला फोटो दुसऱ्या उजेडात बिघडतोच.

यावरचा उपाय ऐकायला सरळ वाटतो. रंग मिसळून करडं करू नका, करडी शाईच बनवा. काळी शाई पातळ करून तिच्या तीन, चार, सहा छटा करा. उजळ भागात सर्वांत फिकट शाईचे दाट ठिपके टाका, गडद भागात काळीचे. फिकट ठिपका पांढऱ्या कागदावर उठून दिसत नाही, म्हणून खरखर नाही. रंगाची भेसळ नाममात्र, म्हणून उजेडानुसार बदलणंही फार कमी.

हा उपाय मोठ्या कंपन्यांच्या आधी हौशी आणि हट्टी माणसांनी अमलात आणला. वाट मात्र इंकजेटवर कलाकृती छापण्याच्या प्रयोगांपासून सुरू झाली. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गटाचा गायक ग्रॅहम नॅश हा पक्का छायाचित्रकार आणि छायाचित्रांचा संग्राहक. आपले कृष्णधवल फोटो कॉम्प्युटरवरून मोठ्या आकारात, उत्तम कागदावर छापावेत म्हणून त्याने आयरिस ३०४७ हा १,२६,००० डॉलरचा इंकजेट प्रिंटर घेतला. ते यंत्र छापखान्यांत रंगांचा नमुना तपासण्यासाठी बनलेलं होतं, कलाकृतींसाठी नव्हे. नॅश आणि त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी जाड कागद बसावा म्हणून त्यात फेरफार केले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाई स्टुडिओ सुरू केला. ते यंत्र आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आयरिसच्या सुरुवातीच्या शाया मात्र फार लवकर फिकट होत. पुढे व्हरमाँट राज्यातला मुद्रक जॉन कोन याने २००० साली पिएझोग्राफी ही पद्धत बाजारात आणली: साधा एप्सन प्रिंटर घ्यायचा, त्यातल्या रंगीत शाया काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी कार्बनच्या वेगवेगळ्या छटा भरायच्या. पुढे या छटा सातापर्यंत गेल्या. २००५ मध्ये एप्सननेच काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन काळ्या शाया असलेला अल्ट्राक्रोम के३ संच आणला आणि ही सोय घरगुती टेबलापर्यंत पोचली. तरी कंपनीच्या पद्धतीत करड्याला सूर देण्यासाठी थोडी रंगीत शाई मिसळली जातेच.

कार्बनवर थोडं थांबायला हवं. आपल्याकडच्या पोथ्या काजळ आणि डिंक यांच्या शाईने लिहिल्या गेल्या. शतकं लोटली, कागद पिवळा पडला, कडा किडीने खाल्ल्या, पण अक्षर काळंभोर आहे. कार्बन प्रकाशाने विटत नाही आणि हवेतल्या वायूंना सहसा दाद देत नाही. इंकजेटच्या कार्बन पिगमेंट शाईत तोच पदार्थ आहे, फक्त कण इतके बारीक दळलेले की नोझलमधून न अडता जावेत. या बारीकपणाची एक किंमत आहे. अतिसूक्ष्म कार्बन कागदावर पातळ पसरला की तो शुद्ध करडा न दिसता तपकिरीकडे झुकतो. जुन्या स्टुडिओतल्या सेपिया फोटोंची आठवण व्हावी असा तो ऊबदार सूर असतो, आणि मला स्वतःला व्यक्तिचित्रांसाठी तोच सर्वांत आवडतो. ज्यांना थंड, तटस्थ करडा हवा असतो त्यांच्यासाठी शाईत निळसर रंगद्रव्य घालावं लागतं. ते कार्बनइतकं टिकत नाही, त्यामुळे काही दशकांनी तो प्रिंट हळूहळू मूळच्या तपकिरी सुराकडे सरकू शकतो. शुद्ध कार्बन मात्र कागद टिकेल तोवर टिकतो.

शाईइतकाच कागद महत्त्वाचा. काळा किती काळा आहे हे घनतेने मोजतात. घनता २ म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी फक्त १ टक्का परत येतो. चांगला ब्रोमाइड प्रिंट साधारण तिथवर पोचतो. सुती लगद्याच्या मॅट कागदावर इंकजेटचा काळा १.६ ते १.७ पर्यंतच जातो, म्हणजे दोन-अडीच टक्के प्रकाश परत येतो. तोच प्रिंटर बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या चकचकीत बरायटा कागदावर ब्रोमाइडच्याही पुढे जातो. आकडा पाहून मॅट कागदाला कमी लेखू नये. त्याच्यावर झगझग होत नाही, आणि चेहऱ्यावरच्या मधल्या छटा त्यावर विलक्षण मऊ उतरतात. एक व्यावहारिक गोष्ट: मॅट कागदाची काळी शाई वेगळी असते. ती चकचकीत कागदावर धरत नाही, बोट लागलं तरी पुसली जाते.

एवढं सगळं जमलं तरी प्रिंट काळवंडून येऊ शकतो, कारण ठिपका कागदावर पसरतो आणि ५० टक्के मागितलेला करडा त्याहून गडद उतरतो. म्हणून जाणकार छपाई करणारा आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापतो, प्रत्येक पायरी यंत्राने मोजतो आणि शाईचं प्रमाण असं बसवतो की पायऱ्यांमधलं अंतर सारखं पडावं. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर याच कामासाठी जगभर वापरलं जातं. शिवाय स्क्रीन स्वतः उजळते आणि कागद उसन्या उजेडावर जगतो. स्क्रीनवर दिसणारे सावलीतले तपशील कागदावर बुडतात, ते आधीच थोडे उजळून घ्यावे लागतात.

टिकण्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. स्वस्त प्रिंटरांत बहुधा डाय शाई असते, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग. तिला प्रकाशाइतकाच हवेतला ओझोन मारतो, आणि वाहनांचा धूर व ऊन यांतून तो शहरांत रोज तयार होतो. झटपट सुकणाऱ्या सच्छिद्र कागदावर अशा शाईने छापून उघड्यावर लावलेला फोटो अंधाऱ्या खोलीतही विटू शकतो, आणि बऱ्याचदा सायन आधी उडाल्याने केशरी पडतो. काचेआड तो बराच सुरक्षित राहतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा ही वेगळी काळजी आहे. कागद ओलावा पितो, लाटा येतात, बुरशी धरते. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट बोर्डची चौकट असावी. छापल्या छापल्या फ्रेम करू नये, कारण शाईतली न सुकलेली ग्लायकॉलसारखी द्रव्यं बाहेर पडून काचेच्या आतून धुरकट थर बसतो. निदान एक-दोन दिवस प्रिंट उघडा सुकू द्यावा.

घराघरांत आज जुन्या फोटोंचं स्कॅनिंग चाललं आहे आणि पिढ्यांचे चेहरे फोनमध्ये साठत आहेत. त्यांतले निवडक तरी कागदावर आणा. लॅबमध्ये गेलात की शाई पिगमेंटची आहे का, प्रिंटरमध्ये करड्या शाया आहेत का आणि कागद सुती आहे का हे विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुसरी लॅब शोधा. आधी लहान नमुना छापून घ्या, तो दुकानातल्या दिव्याखाली पाहून पसंत करू नका, बाहेर दिवसाच्या उजेडात न्या आणि घरच्या ज्या भिंतीवर लावायचा आहे तिथल्या दिव्याखालीही धरून पाहा. तिन्ही ठिकाणी करडा करडाच राहिला तर मोठा प्रिंट सांगा. आणि मूळ फोटो किंवा निगेटिव्ह हाताशी असेल तर स्कॅन झालं म्हणून ते टाकून देऊ नका.